किटलीला न्यायला कोण यायचं?

मी काळी डबी बोलतेय. हार्डडिस्क हे माझं कागदोपत्री नाव. ते खोक्यावर छापलेलं होतं आणि खोक्याबरोबरच गेलं. या पाळणाघरात मला सगळे डबीच म्हणतात. "डबी लाव", "डबी काढ", "अहो, डबीवर चहाचा कप ठेवू नका!" चौदा वर्षं माझ्याशी एवढंच काय ते बोलणं झालं. मी निमूट ऐकून घेतलं. पण आता मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार, कारण गेल्या महिन्यात या घरात जे घडलं ते माझ्याशिवाय घडलंच नसतं. बढाई म्हणा हवं तर. चौदा वर्षांत एकदा मारली तर बिघडलं कुठे?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे सगळे पांढऱ्या टोप्या घालून, तोंडाला फडकं बांधून काम करायचे. एका बाईने मला उलटंपालटं करून पाहिलं, 'ठीक' असा शिक्का मारला आणि पुढे ढकललं. माया म्हणतात ती माझ्या वाट्याला एवढीच आली. मग एका दुकानाच्या काचेच्या कपाटात काही महिने. तिथे एके दिवशी काका आले. काका म्हणजे पाळणाघरवाल्या ताईंचे यजमान, नळजोडणीचं काम करणारे. त्यांनी मला तळहातावर तोलून पाहिलं.

"एवढीशी डबी. हिच्यात फोटो मावतील किती?"

"दोनेक लाख सहज," दुकानदार म्हणाला.

"मग द्या. आमच्या हिच्याकडे तेवढे होणारच आहेत."

काकांनी थट्टा केली होती, पण बोलणं खरं ठरलं.

ताईंचं पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण आणि अंगणाला लोखंडी फाटक. मुलं तीस. पुढच्या खोलीत भिंतीला मुलांच्या हाताला येतील अशा तीस खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र. मुलांना वाचता येत नाही, चित्र ओळखता येतं, म्हणून ही युक्ती. चित्रं काकांनी काढली. आता काकांचा हात बसलेला पाइपावर. ब्रश त्यांनी हातात धरला तो पान्यासारखा. त्यामुळे त्यांचा घोडा मांजरासारखा झाला आणि ते पाहून लाजेने ताईंनी दुसऱ्याच दिवशी त्यावर चुना फासला. बाकीची चित्रं मात्र टिकली.

या खुंट्यांमुळे एक गंमत झाली. मुलांना खुंटीचीच नावं पडली. "छत्री, नाक पूस!" "अहो, पतंग रडतोय, बघा जरा!" रजिस्टरमधली नावं रजिस्टरमध्येच झोपलेली असायची. मूल मोठ्या शाळेत गेलं की खुंटी पुढच्या मुलाला मिळायची, आणि खुंटीबरोबर नावही. एक छत्री गेली की दुसरी छत्री आली. ताईंना यात काहीच वावगं वाटायचं नाही. आपल्या डोक्यात कोणत्या वर्षीची छत्री कोण हे पक्कं बसलंय, असा त्यांचा समज. पण डोकं त्यांचं होतं आणि पोट माझं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही!

फोटोंचं वेड कसं लागलं तेही सांगते. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे, पण इतक्यांदा ऐकलीय की पाठ झालीय. एका संध्याकाळी एक आजोबा नातवाला न्यायला आले. चष्मा घरी विसरले होते. समोर लाल स्वेटर दिसला, तो उचलला आणि चालू लागले. घरी नेऊन दूध पाजलं, केळं भरवलं, गोष्ट सांगितली आणि तासाभराने सून कामावरून आली तेव्हा कळलं, की हे पोरगं भलत्याचंच! इकडे खरा नातू लाल स्वेटर घालून खुंटीखाली बसलेला, आणि त्या दुसऱ्या पोराचे आईबाप फाटकाशी येऊन उभे. ताईंची पाचावर धारण बसली.

त्या दिवसापासून ताईंनी नियम केला. संध्याकाळी फाटकातून मूल बाहेर पडण्याआधी फोटो. मूल आणि त्याला नेणारं माणूस, दोघं एका फोटोत. पाऊस असो, ताप असो, घाई असो. "हं, इकडे बघा, झालं, या." दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधी ताई कॉम्प्युटरपाशी बसायच्या आणि एकेका फोटोला खुंटीचं लेबल लावायच्या. छत्री, मासा, कंदील. मग वर्षाचं फोल्डर, त्यात महिन्याचं फोल्डर, त्यात 'फाटक' नावाचं फोल्डर. दिवसभरातले नाचगाण्याचे, रंगकामाचे, दंग्याचे फोटो वेगळ्या फोल्डरात. सुरुवातीची सात वर्षं हे सगळं सीडींवर होतं. मी आल्यावर त्या सीडी माझ्यात रिकाम्या केल्या. आठवडाभर मी नुसती गिळत होते.

एकवीस वर्षांचे पावणेदोन लाख फोटो. त्यातले बहुतेक फाटकावरचे. खरं सांगू का? असे कंटाळवाणे फोटो तुम्ही जन्मात पाहिले नसतील. तेच फाटक, तोच कोपरा, तेच दमलेले आईबाप, घड्याळाकडे बघणारे, पिशवी सावरणारे, डोळे मिटलेले. कुणीही ते पुन्हा उघडले नाहीत. मी आपली पोटात घेऊन कपाटात पडून असायचे, टाचण्यांच्या डबीशेजारी. अधूनमधून फिरताना खर्र करायचे. काका म्हणायचे, "म्हातारी झाली बिचारी." काकांचे गुडघेही तसाच आवाज करतात, पण मी कधी काही बोलले का?

गेल्या महिन्यात माझं पोट भरलं. पडद्यावर सूचना आली, जागा संपत आली आहे. काका म्हणाले, "मग ते फाटकाचे फोटो डिलीट करून टाक की. सगळी मुलं आपापल्या घरी सुखरूप पोचलीयत. आता कोण बघणार?"

ताईंना पटलं. मला वाईट वाटलं, पण पटण्यासारखंच होतं. त्यांनी सगळी 'फाटक' फोल्डरं निवडली. पडद्यावर चौकट आली, 'नक्की काढून टाकायचे?' खाली 'होय' आणि 'नाही'. ताईंचा हात 'होय'कडे निघाला, आणि फाटकाची कडी वाजली.

दोघी जणी आल्या होत्या. एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कडेवर दहा महिन्यांचं बाळ. मागे तिची आई, साठीच्या आसपासची, हातात बाळाची पिशवी.

"ताई, ओळखलंत का? मी लहानपणी इथेच होते," लेक म्हणाली.

"अगं बाई! ये ये," ताई म्हणाल्या. ओळखलं नव्हतं, पण ताई असं कधी कुणाला जाणवू देत नाहीत.

लेकीची रजा संपत आली होती, बाळाला इथे ठेवायचं होतं. ताईंनी फॉर्म पुढे केला. लेक भराभर लिहीत गेली. बाळाचं वजन, दुधाची वेळ, कशाने रडतो, कशाने थांबतो. मग आला तो रकाना, बाळाला न्यायला कोण येणार? तिथे तीन ओळी असतात. लेकीने पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत नवऱ्याचं. पेन थांबलं.

"माझं लिही की," आई म्हणाली. "मी आता रिटायर झालेय. घरात बसून काय करू? तुम्हा दोघांना यायला सात वाजणार. मी पाचालाच येईन."

लेक पेनाचं टोपण लावत-काढत राहिली.

"काय गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काहीतरी आहे. बोल."

लेकीने पेन खाली ठेवलं. "आई, तू न्यायला येणार? मला न्यायला आलीस कधी?"

आईने बाळाची पिशवी खाली ठेवली.

"रोज यायचे गं," आई म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता.

"रोज? मला एकही दिवस आठवत नाही. मला ते बाकडं आठवतं. सगळ्यांच्या बॅगा गेलेल्या आणि माझी एकटीची बॅग खुंटीवर लटकलेली, ते आठवतं. दर वेळी फाटक वाजलं की वाटायचं तू आलीस, आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी आई असायची. शेजारच्या काकू मला हाताला धरून घेऊन जायच्या, तेही आठवतं. तू आलेली आठवत नाहीस. एकदासुद्धा नाही."

हे भांडण ताजं नव्हतं हो. वीस वर्षं मुरलेलं होतं. दोघींना ते तोंडपाठ होतं, आणि तरी दोघींना दर वेळी नव्याने लागत होतं. वडील बाहेरगावी नोकरीला, आई दोऱ्याच्या कारखान्यात रिळं भरायच्या कामावर. आईचं सुटायचं सहाला, तिथून दोन बस. ताईंचं पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. किल्ली हातात घेऊन ताई थांबायच्या.

"अगं, यायच्या तुझ्या आई," ताई मध्ये पडल्या. "मला चांगलं आठवतंय."

"ताई, राग मानू नका," लेक म्हणाली, "पण तुम्ही सगळ्यांशीच गोड बोलता. आत्ता मी फॉर्म भरत असताना मुलाला न्यायला आलेल्या बाईंना म्हणालात, 'दिवसभर हसत होता तुमचा मुलगा.' आम्ही फाटकाबाहेर होतो तेव्हापासून तो भोकाड पसरून बसला होता."

ताईंचं तोंड एवढंसं झालं. काका खिडकीतून बाहेर बघायला लागले.

आईने पिशवी उचलली. "जाऊ दे. नको लिहूस माझं. मी आपली रविवारी येऊन बघत जाईन त्याला."

मी तर आतल्या आत तडफडत होते. अहो, आहेत! माझ्यात आहेत! विचारा की मला कुणीतरी! पण माझी जात अशी, की विचारल्याशिवाय तोंड उघडायची सोय नाही. आणि पडद्यावर ती चौकट तशीच उभी. नक्की काढून टाकायचे?

ताईंची नजर त्या चौकटीवर गेली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "कुणी जायचं नाही. अहो, फाटकाचे फोटो!"

"ते तर तू आत्ता डिलीट करत होतीस," काका म्हणाले.

"करत होते. केले नाहीत." आणि ताईंनी 'नाही' दाबलं. माझा जीव भांड्यात पडला.

"तुझी खुंटी कोणती होती?" ताईंनी विचारलं.

"बदक," लेक ताडकन म्हणाली. "पिवळं बदक. ते मी कसं विसरेन? रोज बघत बसायचे त्याच्याकडे."

ताईंनी लेबलांच्या जागी 'बदक' लिहिलं. उत्तर आलं, शून्य फोटो. पुन्हा लिहिलं. शून्य. बदक असं लेबल माझ्याकडे नव्हतंच, देणार कुठून?

"आपल्याकडे बदक कधी नव्हतं," काका म्हणाले.

"होतं हो काका. माझ्यासमोर होतं."

"मी काढलीयत चित्रं. मला माहीत नसणार?"

मग ताईंना नवा प्रोग्राम आठवला. तो आपण होऊन फोटोंतले चेहरे ओळखतो. 'माणसं' असं दाबलं की पडद्यावर चेहऱ्यांच्या गोल चकत्या येतात. हे महाशय मला फारसे आवडत नाहीत. नळाच्या तोटीला त्यांनी एकदा माणूस ठरवलं होतं. पुढचे दात पडलेलं मूल आणि दात आलेलं मूल, दोन वेगळी माणसं. मधूनमधून विचारतात, 'ही एकच व्यक्ती आहे का?' आणि ताई मोठ्याने म्हणतात, "नाही रे बाबा!"

चकत्या सरकत गेल्या. गाल, नाकं, झिपऱ्या. अचानक लेकीने पडद्यावर बोट ठेवलं. "ही मी!"

आईही वाकली. "हो, हीच. कानात ते निळे डूल. एक हरवला म्हणून आठवडाभर रडली होती."

ताईंनी त्या चकतीवर क्लिक केलं. दोनशे शहाऐंशी फोटो. रंगात कोपरापर्यंत हात बुडवलेली, उड्या मारणारी, दुधाची मिशी लावलेली. आणि बाकड्यावर बसलेली. बाकड्यावरचे बरेच होते. एकटी, पाय लोंबकळत, नजर फाटकाकडे. लेक ते बघत राहिली.

"आता फक्त फाटक," असं म्हणून ताईंनी त्यातून 'फाटक' फोल्डर निवडलं.

दोनशे शहाऐंशीचे राहिले चार.

चारही फोटोंत शेजारच्या काकू. लेकीचा हात धरून उभ्या, आणि लेक टक्क जागी, कॅमेऱ्याकडे बघणारी. आई एकाही फोटोत नव्हती.

"बघितलंस?" लेक म्हणाली. जिंकल्याचा आनंद कुठे दिसत नव्हता तिच्या तोंडावर. "मी खोटं बोलत नव्हते, आई."

आई त्या चार फोटोंकडे बघतच राहिली. स्वतःवरचाच विश्वास उडाल्यासारखा चेहरा झाला तिचा. "मी यायचे गं," ती पुटपुटली. "मला वाटतं, मी यायचे."

एवढं वाईट मला चौदा वर्षांत कधी वाटलं नव्हतं. खरी बाई खोटी पडत होती, तीही माझ्या साक्षीने! त्या प्रोग्रामला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

आणि मग काका मदतीला धावून आले, तेही रागाच्या भरात. बदक त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. "जरा मागे घे," ते ताईंना म्हणाले. "ते बॅग अडकवतानाचे. हां, तो. मोठा कर बघू."

फोटोत लहानगी लेक टाचा उंच करून बॅग अडकवत होती. वर खुंटीचं चित्र. पिवळं, गोल पोट, वाकडी मान, पुढे चोच.

"हेच!" लेक म्हणाली. "हेच माझं बदक!"

"बदक?" काकांचा आवाज चिरकला. "ही किटली आहे!"

हसू लपवायला पदर नव्हता म्हणून ताईंनी तोंडाला रुमाल लावला.

"ही तोटी, हा कान, हे झाकण," काका बोट आपटून सांगत होते. "आंधळ्यालाही कळेल! बदकाला झाकण असतं का?"

"मला वाटलं टोपी आहे," लेक म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिला हसू फुटलं. आईलाही फुटलं. तेवढ्यापुरतं का होईना, दोघी एकाच गोष्टीला हसल्या.

ताई मात्र हसायच्या थांबल्या होत्या. "किटली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे तू किटली. आणि तुम्ही किटलीची आई! अहो, दोरे! डोक्यात दोरे असायचे ना तुमच्या?"

त्यांनी चेहऱ्यांच्या चकत्या बंद केल्या आणि आपली जुनी, हाताने लावलेली लेबलं उघडली. 'किटली' लिहिलं. मी तयारच होते. धडाधडा ओतले. पाच हजार नऊशे अकरा फोटो.

"एवढी कशी गं मी?" लेक घाबरलीच.

"तू एकटी नाहीस. एकवीस वर्षांत आठ किटल्या झाल्या. हा चष्मेवाला किटलीच, ही कुरळ्या केसांचीही किटलीच. तू कोणत्या वर्षी होतीस?"

आईने वर्ष सांगितलं. पटकन, आठवायला न थांबता. ताईंनी त्या वर्षाचं आणि त्याच्या पुढच्या वर्षाचं फोल्डर ठेवलं, बाकीची वगळली. सातशे एकोणपन्नास. त्यातून 'फाटक'. चारशे त्रेसष्ट.

आणि पडदा भरला.

एकाच बाईने भरला हो. वरपासून खालपर्यंत, ओळीमागून ओळ. फाटकाच्या कोपऱ्यात उभी, कारखान्याचा निळा झगा, केसांत दोऱ्यांचा भुगा. एका दिवशी लाल, एका दिवशी हिरवा, एका दिवशी पांढराफेक. एका हातात लेकीची बॅग. आणि खांद्यावर लेक, तोंड आईच्या मानेत खुपसून, गाढ झोपलेली. केस दिसतायत, फ्रॉकची पाठ दिसतेय, लोंबणारे पाय दिसतायत. चेहरा कुठेच नाही. त्या प्रोग्रामला चेहरा लागतो. चेहरा दिसेना, तेव्हा ही मुलगी तिथे नाहीच असं त्याने ठरवून टाकलं.

फोटोंखाली वेळ होती. सहा पन्नास. सहा अठ्ठेचाळीस. सहा पंचावन्न. आणि त्या शेजारच्या काकूंच्या चार फोटोंवर साडेचार. त्या लवकर यायच्या, म्हणून त्या चार दिवशी पोरगी जागी होती.

ताईंनी फोटो एकामागून एक लावून दिले. फाटक तेच, बाई तीच, फक्त दोऱ्याचा रंग बदलतोय आणि लेकीचे पाय हळूहळू खाली येतायत. आधी आईच्या कमरेपर्यंत, मग मांडीपर्यंत, शेवटच्या फोटोंत तर गुडघ्याला बूट लागतायत. आई एका बाजूला पार वाकलेली, पण पोरीला खाली ठेवलेलं नाही.

"शेवटी शेवटी जड झाली होतीस," आई म्हणाली. "दोन बस बदलायच्या. पण इतकी गाढ झोपायचीस, म्हटलं दमली असेल, कशाला उठवायचं? घरी नेऊन तशीच अंथरुणावर ठेवायचे."

लेकीचा हात आपल्याच गालावर गेला होता. "सकाळी माझ्या गालाला दोरे चिकटलेले असायचे," ती हळूच म्हणाली. "ताई, तुम्ही काढायचात. रोज वेगळ्या रंगाचे. मला कधी कळलंच नाही ते कुठून येतात."

आणि मग ती रडली. चांगली हमसून हमसून रडली, कडेवरचं बाळ दचकून बघायला लागलं. "उठवायचंस ना गं, आई! एकदा तरी उठवायचंस!"

"मला काय माहीत तुला उठायचं होतं?" आई म्हणाली, आणि तीही रडायला लागली.

चारशे एकोणसाठ वेळा! मोजून सांगते, चारशे एकोणसाठ संध्याकाळी ही बाई दोन बस बदलून फाटकाशी उभी राहिली, आणि त्यातल्या एकीचाही साक्षीदार उरला नव्हता. पोरगी झोपलेली, ताईंच्या डोक्यात आठ किटल्या, आणि प्रोग्राम आंधळा. होते फक्त मी. तुम्हीच सांगा, आता छाती फुगवू नको तर काय करू?

लेकीने डोळे पुसले, फॉर्म ओढला आणि पहिल्या ओळीतलं स्वतःचं नाव खोडलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आई'. ताई म्हणाल्या, "अगं, बाळाशी नातं लिहायचंय, आजी लिही." लेक म्हणाली, "राहू द्या तसंच."

त्यानंतर माझे दिवस पालटले. माझ्यासारखी आणखी एक डबी घरात आली, थोरल्या बहिणीचा मान मला. माझ्यातलं सगळं तिच्यात उतरवलं, म्हणजे एकीला काही झालं तरी दुसरी आहेच. ताई रोज सकाळी तासभर बसून जुन्या लेबलांपुढे वर्ष लिहितायत. किटली पहिली, किटली दुसरी, अशा आठही वेगळ्या झाल्या. माझ्यावर आता चहाचा कप कुणी ठेवत नाही. काकांनी भिंतीवरच्या त्या चित्राखाली ठळक रंगात 'किटली' असं लिहून टाकलंय. ज्यांना वाचता येत नाही त्या मुलांसाठी हे का लिहिलं, असं त्यांना विचारायची कुणाची छाती नाही.

आता तुम्हाला एक सांगायचंय. तुम्हीही फोटो काढता, ढिगाने काढता, आणि माझ्यासारख्या कुणाच्या तरी पोटात कोंबून मोकळे होता. कोंबा, हरकत नाही, आमचं कामच ते आहे. पण जरा सकाळचा वेळ काढून नाव लावा, वर्ष लावा. आपल्या हाताने लावा. फोटोत पाठ असली, खांदा असला, नुसते लोंबणारे पाय असले, तरी ते कुणाचे हे तुम्हालाच ठाऊक असतं. आणि जागा संपली म्हणून डिलीट करण्याआधी फाटक वाजतंय का, तेवढं बघा.

लेकीला बाळासाठी किटलीचीच खुंटी हवी होती, पण सध्याची किटली म्हणजे एक बुटका, हट्टी पोरगा आहे. त्याने खुंटीला मिठी मारली आणि सोडली नाही. मग बाळाला मासा मिळाला. कालचा त्याचा पहिला दिवस. पाचला पाच कमी असताना फाटक वाजलं. माशाची आजी हजर! केस विंचरलेले, नवीन चपला, खांद्यावर धुतलेला पांढरा टॉवेल. ताईंनी झोपलेला मासा अलगद तिच्या खांद्यावर दिला, कॅमेरा उचलला. "हं, इकडे बघा."

"थांबा," आजी म्हणाली. तिने बाळाला खांद्यावरून समोर घेतलं आणि गालावर टिचक्या मारायला लागली. "ऊठ रे राजा. ऊठ. बघ कोण आलंय."

"अहो, आत्ता कुठे झोपलाय तो!" ताई ओरडल्या. "झोपलेल्या पोराला कशाला उठवता?"

"उठू दे. रडला तर रडू दे. एकदा चुकलेय मी, आता नाही चुकायची."

मासा उठला आणि त्याने जे भोकाड पसरलं, ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. त्याच क्षणी ताईंनी फोटो काढला. आज सकाळी तो माझ्या पोटातल्या उरल्यासुरल्या जागेत आलाय. लेबल मासा, फोल्डर फाटक, वेळ चार अठ्ठावन्न. आजी बत्तीस दात दाखवून हसतेय, आणि मासा तोंड वासून, डोळे टक्क उघडे ठेवून, सरळ तिच्याकडे बघतोय.